उणे पंच्याऐंशी

"हा पॉइंट काढून टाका, मिस घरत," कमळाकर दीक्षित म्हणाले. पडद्यावरच्या हिरव्या जाळीत एका जागी चोचीसारखा खड्डा खाली उतरला होता. त्यावर त्यांनी पेन्सिलीच्या मागच्या रबरानं टकटक केलं. "अशी जागाच नाही तिथं."

"हो सर," चंद्रावती म्हणाली. दोन वर्षं ती या ऑफिसात 'हो सर' म्हणत आली होती, आणि म्हणून होईस्तोवर तिची बोटं कामाला लागलेली असत. आज बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथंच राहिलं. एसीच्या गार खोलीत तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. अशी जागाच नाही. सतरावी रांग, नववा बिंदू. तीन दिवस ती सर्व्हेच्या वहीतले आकडे मशीनमध्ये भरत होती. वीस-वीस मीटरवर ठोकलेल्या तीनशे तीस खुंट्या, ज्यांच्या नंबरांची, गावाचं नाव नसलेली यादी महिन्यापूर्वी तिनंच हातानं लिहून दिली होती, आणि प्रत्येक खुंटीपाशी जमिनीची उंची, भरती-ओहोटीच्या मधल्या पाण्याला शून्य धरून. भरताना आकडे नुसते आकडे असतात, त्यांना वास नसतो. पण सोमवारी दुपारी सगळे भरून झाले, प्रोग्रॅमनं त्यांची जाळी विणून ती तिरकी करून दाखवली, आणि चंद्रावतीला दिसलं की वरच्या कोपऱ्यात खाडीचा बांध वळतो तसाच वळतोय, आणि त्याच्या पोटाशी चौकोनी ताटं मांडावीत तशी मिठागरं आहेत. गव्हाणची मिठागरं. त्यांतली डावीकडून तिसरी आणि चौथी दाजींची. दाजी म्हणजे तिचे वडील. घरात, गावात, सगळेच त्यांना दाजी म्हणत. सोमवारपासून तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही एका दमात सांगितलं नव्हतं.

"शेजारी बघा," दीक्षित म्हणत होते. ते ऑफिसचे इंजिनियर. शर्टाच्या खिशात नेहमी तीन पेन्सिली, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता आकड्याकडे बघायची सवय. "अधिक साठ, अधिक बासष्ट, अधिक साठ. आणि मधेच उणे पंच्याऐंशी? दीड मीटरचा खड्डा एका खुंटीवर? अधिक पंच्याऐंशी असता तर मी मानलं असतं, बांधाचा उंचवटा असेल म्हणून. हे उणं कुठून आलं सांगतो. मशीनच्या मेमरीत एक बिट उलटला ना, की अधिकचं उणं होतं. एक बिट. मागच्या ऑगस्टमध्ये नव्हतं का झालं?" मग त्यांची पेन्सिल जाळीवरून खाली सरकली आणि आवाज अचानक हळू झाला. "बाकी हा भाग बघा हो. चाळीस पॉइंट, आणि सगळ्यांत मिळून फरक दोन सेंटिमीटरचा. कुणी केलंय हे एवढं सपाट? आमच्या रोलरनं होत नाही असं."

पेन्सिल तिसऱ्या आणि चौथ्या ताटावर होती. कुणी केलंय ते चंद्रावतीला माहीत होतं. दिवाळी झाली की दाजी मिठागरात बोटभर पाणी सोडत आणि बांधावर उकिडवे बसून राहत. वारा पडला की उठत. जिथं पाण्यातून चिखलाचं टक्कल वर आलेलं दिसे तिथली माती खरवडून जिथं पाणी गडद दिसे तिथं नेऊन टाकत, पायानं चोपत, पुन्हा पाणी सोडत, पुन्हा बसत. असं पंधरा-पंधरा दिवस. मग सगळं घर रांगेनं उभं राहून टाचांनी जमीन तुडवी. आई, म्हणजे भामा, पदर खोचून, काका, काकू, आणि सगळ्यांत शेवटी लहानगी चंद्रावती, जिच्या पायाला वजन नव्हतं म्हणून दाजी तिच्या हातात पाट्यावरचा वरवंटा देत. "हलकी पोर काय कामाची? दगर घे बाय हातान," असं म्हणून हसत. त्या गार, घट्ट, किंचित बुळबुळीत चिखलाचा स्पर्श तिच्या टाचांना आता एसीच्या खोलीत झाला. चपला बाहेर काढून आत यायचा इथला नियम होता. मशीनला धूळ चालत नसे. अनवाणी पायांखाली फरशी होती आणि तिला चिखल लागत होता. दोन सेंटिमीटर. दाजींना सेंटिमीटर माहीत नव्हता. ते पाण्याला विचारत.

पण बोलायची सोय नव्हती. दोन वर्षांपूर्वी मुलाखतीला ती पनवेलच्या लाइन आळीतल्या या ऑफिसात आली तेव्हा उदयसिंह शेठनी एकच प्रश्न विचारला होता. ते मातीकामाचे मोठे ठेकेदार. खाडीकाठची दलदल, खारजमिनी भरून नव्या शहराचे प्लॉट तयार करायचे ठेके त्यांच्याकडे. "गव्हाणची म्हणता. जमीन गेलीय का तुमची? मोर्चाबिर्चातली माणसं मला आत नकोत." चंद्रावतीनं खाली बघून सांगितलं होतं, "नाही. आमचं काही नाही तिकडे." टायपिंगच्या परीक्षेत ती पहिली आली होती, वडाळे तळ्याजवळच्या क्लासात सहा महिने कॉम्प्युटर शिकली होती, बारावीनंतर तीन वर्षं तिला कुणी काम दिलं नव्हतं. ती खोटं बोलली आणि तिला काम मिळालं. घरी दाजींना तिनं सांगितलं, ऑफिसात टायपिंग करते. तेही अर्धं खोटंच. दोन्हीकडे अर्धं-अर्धं खोटं बोलून ती मधल्या एसटीच्या प्रवासात रोज गप्प बसून असे.

आणि तिसरी गोष्ट, जी तिनं कुठंच सांगितली नव्हती, ती अशी की तिला हे काम फार आवडत होतं. इतकं की त्याची लाज वाटावी. पहिल्यांदा दीक्षितांनी प्रोग्रॅमच्या दोन फ्लॉप्या तिच्या हातात दिल्या तेव्हा म्हणाले होते, "हे काम मी आठ दिवस करायचो. ग्राफपेपरवर जमिनीचे काप काढायचे, चौकोन मोजत बसायचं, डोळे जायचे. हा प्रोग्रॅम चाळीस मिनिटांत करतो. पण त्याला फसवायचं नाही. चुकीचं दिलंत तर चुकीचंच, पण तीन दशांश स्थळांपर्यंत देईल." तिनं जाडजूड इंग्रजी पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचलं. जमीन आत्ता कशी आहे ते सांगा. जमीन कशी व्हायला हवी ते सांगा. मधली माती मी मोजतो. तळोज्याच्या कारखान्यांमागची टेकडी, कुठल्या कुठल्या शाळेचं मैदान, सगळं तिनं याच खुर्चीतून पाहिलं. पडद्यावर जमीन वळायची, वाकायची, तिच्या पाठीवरून पाणी कुठं उतरेल ते कळायचं. एसटीच्या खिडकीतून रोज दिसणारी जमीन अशी कधीच दिसली नव्हती. हे ज्यानं लिहिलं तो माणूस कुठल्या गावात राहत असेल, त्यानं पनवेलचं नावही ऐकलं नसेल, आणि तरी त्याला माहीत होतं की जमीन कधी सरळ नसते, दोन खुंट्यांच्या मध्ये काय असेल याचा अंदाज करावा लागतो, आणि तो अंदाज आहे हे लिहून ठेवावं लागतं. पुस्तकात तसं लिहिलेलं होतं. चंद्रावतीला ते वाक्य पाठ होतं.

"सर," ती म्हणाली. आवाज आपला वाटला नाही. "मेमरी खराब असेल तर एकच आकडा का खराब असेल? मग बाकीचे तीनशे एकोणतीस तरी खरे कशावरून?"

दीक्षितांनी पहिल्यांदाच आकड्यावरून नजर उचलून तिच्याकडे पाहिलं.

"टेस्ट लावते. पूर्ण. संध्याकाळ होईल."

"ड्रॉइंग परवा जायचंय."

"परवाच्या आत सांगते सर."

त्यांनी दातांत धरलेली पेन्सिल खिशात खोचली. मग म्हणाले, "लावा. मुद्दा बरोबर आहे तुमचा," आणि दार हळू लोटून गेले.

तपासणीची फ्लॉपी तिच्या खणात वेगळ्या पाकिटात होती. मशीन विकणाऱ्या कंपनीचा दादरचा इंजिनियर ती देऊन गेला होता. मागच्या ऑगस्टमध्ये मशीन सुरू होईना तेव्हा त्यानं येण्याऐवजी फोनवरून तिला सगळं करायला लावलं. झाकणाचे स्क्रू काढा, आत मेमरीच्या चिपा रांगेत दिसतील, एकेकीवर अंगठा ठेवून दाबा. "तुमच्याकडे खाडीची हवा आहे ना ताई, दमट, पाय सुटतात चिपांचे." तिनं दाबलं. कट् असा बारीक आवाज आला, नवव्या का दहाव्या चिपेचा, आणि मशीन सुरू झालं. त्या दिवसापासून तिच्या पर्समध्ये कंगव्याशेजारी एक स्क्रूड्रायव्हर असे. आता तिनं फ्लॉपी घातली, दांडी फिरवली, मशीन बंद करून सुरू केलं. पांढऱ्या अक्षरांचा साधा तक्ता आला. मेमरी, डिस्क, कीबोर्ड, प्रिंटर. तिनं मेमरी निवडली, आणि संपूर्ण.

हा दुसरा प्रोग्रॅम तिला पहिल्याइतकाच आवडे, पण वेगळ्या कारणानं. पहिला जमीन दाखवायचा. हा काहीच दाखवत नसे. मेमरीच्या प्रत्येक घरात तो शून्य लिहायचा आणि परत येऊन विचारायचा, शून्यच आहे ना? मग एक लिहायचा, परत यायचा. मग एकाआड एक. मग एकटा एक घेऊन घराघरांतून चालत जायचा आणि मागच्या-पुढच्या घरांना काही झालं का ते बघायचा. साडेसहा लाख घरं. कशावरही त्याचा विश्वास नव्हता आणि कशावरही राग नव्हता. हे लिहिणाऱ्याला आयुष्यात कुणी कधी फसवलं असेल का, असं तिच्या मनात आलं. की तो मुळातच असा असेल, एखाद्या म्हाताऱ्या सुइणीसारखा, पोटावर हात ठेवून नुसता बसून राहणारा? कोपऱ्यात आकडा पुढे सरकत होता. चुका शून्य. ती बघत बसली. तिला हळूहळू कळलं की आपण चूक निघायची वाट बघतोय. चूक निघाली तर मशीन दोषी. मग ना तिनं आकडा चुकीचा भरला, ना तिथं खड्डा आहे, ना कुणाला काही सांगायला लागेल. एक चिप बदलायची, पॉइंट काढायचा, परवा ड्रॉइंग पाठवायचं. गव्हाण तिकडे, ती इकडे. पहिली फेरी संपली. चुका शून्य. तिनं डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात घालायचं विसरून हातातच धरून ठेवला. दुसरी फेरी. सतरावी रांग, नववा बिंदू. बांधाच्या पोटाशी, दाजींच्या चौथ्या ताटाच्या कोपऱ्यापासून साधारण तीस पावलं पलीकडे. काय होतं तिथं? लहानपणी तिकडे जायची मनाई होती हे तिला आठवलं. का होती हे आठवेना. हिरवट पाणी, वर फेस, आणि आईची हाक. बास, एवढंच. माणसाला असं कुणी विचारत नाही, घराघरात जाऊन, काय ठेवलं होतं ते आहे ना म्हणून. साडेपाच वाजता तिसरी फेरी संपली. चुका शून्य. तिनं झाकण उघडलं, प्रत्येक चिप अंगठ्यानं दाबून पाहिली. एकही हलली नाही. मशीन ठणठणीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हेअर महादेव जीप घेऊन तळोज्याहून आला तेव्हा सोमवारी परत नेलेली सर्व्हेची वही त्याच्याकडे होती. तिनं पान काढलं. दुर्बिणीतून पट्टीवर दिसलेला आकडा महादेवच्या गिचमिड अक्षरात स्वच्छ लिहिलेला होता: तीन पूर्णांक बेचाळीस. तिनं तिथंच कागदावर वजाबाकी केली. उणे पंच्याऐंशीच. तिनंही चुकीचं भरलं नव्हतं.

दीक्षितांनी वही पाहिली, 'चुका शून्य'चा छापलेला कागद पाहिला, आणि मान हलवली. "मग पट्टी रुतली असणार. चिखलात पट्टी धरणाऱ्यानं खाली लोखंडी पाटी ठेवायची असते, हे लोक कंटाळा करतात. पट्टी दीड मीटर आत गेली, महादेवनं वाचलं तसं लिहिलं. संपलं. आणि हे बघा, एका पॉइंटनं सगळ्या कामात दोनशे ब्रास मातीचा फरक पडतो. अडुसष्ट हजारांत दोनशे. कशाला जीव काढायचा?" ते चिडून बोलत नव्हते. त्यांचं म्हणणं बरोबरही होतं. तिनं वही मिटली आणि पाणी प्यायला म्हणून जिना उतरून खाली गेली.

जीपपाशी मंगळ्या बसला होता. नेऱ्याच्या पुढच्या कातकरवाडीवरचा, चाळिशीचा, बारीक अंगाचा माणूस. पट्टी धरायचं काम त्याचं. तंबाखू चोळत होता. तिला बघून उभा राहिला.

"मंगळ्यादादा, गव्हाणला खाडीच्या बांधाजवळ तुम्ही पाण्यात उतरला होता? छातीभर?"

"उतरलो ना. बाकीचं समदं कोरडं व्हतं, तेवढीच एक खुंटी पान्यात आली."

"पट्टी चिखलात रुतली का हो?"

त्यानं तिच्याकडे असं पाहिलं की तिलाच ओशाळल्यासारखं झालं. "चिकलात कशी रुतंल बाय? दगडावर धरली मी. पायाला लागला ना माज्या, मंग त्याच्यावरच उबा राहिलो. मोटा दगड हाय. घडीव. कड पण लागली पायाला, अशी सरळ," आणि त्यानं हवेत हातानं रेघ ओढली.

"महादेवना सांगितलंत?"

"मला कोन इचारतंय," मंगळ्या म्हणाला. तक्रार म्हणून नाही. वेळ काय झाली हे सांगावं तसं. चंद्रावती पायरीवर उभी राहिली. एक मशीन, एक वही, एक माणूस. तिघांनाही विचारून झालं होतं आणि तिघंही खरं बोलत होते. उरली होती ती.

संध्याकाळी घरी पोचली तेव्हा दाजी ओटीवर बसून मीठ ओढायच्या फावडीचा दांडा घासत होते. भामा आत भाकऱ्या थापत होती, त्याचा ताल बाहेर येत होता. चंद्रावतीनं चपलाही काढल्या नाहीत.

"दाजी, आपल्या आगराच्या खाली, बांधाजवळ, पाण्यात दगड हाय का घडीव?"

दांड्यावरचा हात थांबला. "उघारी हाय ती," दाजी म्हणाले. उघाडी, बांधातलं पाण्याचं दार. "जुनी. माझ्या आज्यानं आन त्याच्या भावकीनं बसवली. भरती आली का फली आपसूक मिटं, खाडीचं पानी आत नाय. ओहोटी झाली का आतलं पानी बाहेर. फली कवाच कुजली. तलचा दगर हाय." त्यांनी फावडी बाजूला ठेवली. "पावसात सगल्या गावाचं पानी तथूनच जातं. दुसरी वाट नाय. लहानपनी तुला तथं जाऊ देत नव्हतो, वढून नेल म्हनून." आणि मग तिच्याकडे न बघता, "तुमच्या मशीनान दिसली वाटतं ती."

घरात भाकरीचा ताल थांबला. चंद्रावती खाली बसली. "तुमाला... कोनी सांगितला?"

"जीपवाले खुंट्या मारीत व्हते तवा त्यांच्या हातान कागद व्हता, खुंट्यांच्या आकड्यांचा. मी बघितला. सात तुझा व्हता." चौथी शिकलेले दाजी हवेत बोटानं सात काढू लागले, खालचं शेपूट वळवून, जसं तिला मास्तरांनी कितीदा मारूनही सोडता आलं नव्हतं. "मला तुझा सात म्हाईत नाय? मी म्हटलं, सांगल तवा सांगल."

ती रडली नाही. रडणं जवळ येऊन बसलं होतं, पण त्याच्याआधी तिला एक वेगळंच वाटलं, की हा माणूस महिनाभर हे घेऊन फिरत होता आणि रोज सकाळी आपल्याला एसटीपर्यंत सोडायला येत होता, आणि चेहऱ्याची एक सुरकुतीसुद्धा त्यानं वाकडी होऊ दिली नव्हती. ती म्हणाली, "उद्या चला माझ्यासंगं."

दाजींनी चपला एसीच्या खोलीबाहेर काढल्या, मग थोडा विचार करून टोपीही काढली. दीक्षित खुर्चीतून अर्धवट उठले. चंद्रावतीनं पाठ केलेलं सगळं विसरून एका श्वासात सांगितलं. "सर, हे माझे वडील. ते दोन सेंटिमीटरवाले चाळीस पॉइंट यांनी केलेत. मी शेठना खोटं सांगितलं होतं, आमचं तिकडे काही नाही म्हणून. माझी नोकरी ठेवायची की नाही ते तुम्ही आणि शेठ ठरवा. पण सतरा-नऊ खरा आहे. मशीन बरोबर आहे, वही बरोबर आहे, पट्टी दगडावर होती. तिथं उघाडी आहे."

दाजी पडद्याकडे गेले. चंद्रावतीनं गेले चार दिवस याच क्षणाची धास्ती घेतली होती. आपलं आगर असं हिरव्या रेघांत, वरून त्यावर पडायच्या मातीचा आकडा, आणि ते काढणारी आपलीच मुलगी. ते काय म्हणतील, की काहीच म्हणणार नाहीत. दाजी वाकले. नाक काचेला लागेल इतके. त्यांचं जाड बोट बांधाच्या वळणावरून फिरलं, ताटं मोजत गेलं, चौथ्याच्या एका कडेवर थांबलं. "हितं जरा खाली हाय," ते म्हणाले. "अंदा चोपायचा राहिला व्हता." चंद्रावतीनं यादीत पाहिलं. एकोणसाठ, बाकी साठ. एका सेंटिमीटरनं खाली होतं. दाजी सरळ झाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर तिनं क्वचितच पाहिलेलं काहीतरी आलं; दुसऱ्या गावचा एखादा मिठागरी चांगला निघाला की येई तसं. "कोनी केला वो हा?" त्यांनी दीक्षितांना विचारलं. "लय बरोबर मोजलाय. पानी न सोडता मोजलाय, आन बरोबर मोजलाय."

"मोजलं महादेव-मंगळ्यानं. भरलं तुमच्या मुलीनं," दीक्षित म्हणाले. ते आता पडद्याकडे नव्हे, दाजींच्या बोटाकडे बघत होते. मग त्यांनी पेन्सिल काढली. "मिस घरत, खड्डा खरा. पण प्रोग्रॅम सांगतो तेवढा मोठा नाही. तो वीस मीटरपर्यंत उतार धरतो. उघाडी असेल चार-पाच फुटांची. म्हणजे दोनशे ब्रास खोटेच. ते मी काढणार."

"हो सर."

"पण पाणी खरं आहे." त्यांनी ड्रॉइंग पुढे ओढलं आणि बांधाच्या आरपार दोन समांतर रेघा मारल्या. "पाइप घालू इथं. तीन फुटी. आधी मला तो दगड दाखवा."

ते तिघं महादेवच्या जीपनं गेले. ओहोटी होती. दीक्षितांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, ज्याचा काही उपयोग नव्हता, आणि चष्मा चंद्रावतीच्या हातात देऊन पाण्यात उतरले. दाजी आधीच उतरले होते. छातीभर हिरवट पाण्यात दोघं शेजारी उभे राहिले. मग दीक्षितांनी श्वास रोखून डोकं खाली घातलं आणि बऱ्याच वेळानं फुरफुरत वर आले, केसांवर शेवाळ. "सांधा लागत नाही हो हाताला," ते ओरडले, ऑफिसात त्यांना कुणी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "चुना नाही, काही नाही. नुसते बसवलेत एकाला एक. शंभर वर्षं पाणी जातंय आणि केसभर हलले नाहीत!" दाजी पाण्यात हात मारत हसत होते. बांधावर उभ्या चंद्रावतीच्या हातात चष्मा होता, आणि तिला वाटलं की ज्या दोन माणसांना आपण इतका वेळ घाबरत होतो ती ही नव्हेतच.

उदयसिंह शेठ दोन दिवस बोलले नाहीत. मग एकदा दारातून डोकावून म्हणाले, "घरत, पुढल्या वेळी खोटं बोलायचं तर मला आधी विचारत जा," आणि गेले. दीक्षितांनी त्यांना काय सांगितलं ते तिला चहावाल्याकडून कळलं: त्या मुलीनं मशीन तपासलं, वही तपासली, माणूस तपासला, आणि शेवटी स्वतःला तपासलं, याहून चांगला सर्व्हे मी पाहिला नाही. ड्रॉइंग एक आठवडा उशिरा गेलं. पाइपासकट मंजूर होऊन आलं. बाकी सगळं होतं तसंच होतं. मिठागरांवर दीड मीटर माती पडायची होती, ती कुणी कमी केली नाही, आणि तिनंही कुणाला तसं विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, हा प्रश्न तिच्याजवळ राहिला. पुढे कामाच्या मधेच तो कधीही येई, आणि ती हातातला आकडा संपवून मगच त्याच्याकडे बघे.

दाजींनी मार्चअखेर शेवटचं मीठ ओढलं आणि नंतर तिकडे गेले नाहीत. एप्रिलमधल्या एका दुपारी चंद्रावती गेली. का गेली ते तिला सांगता आलं नसतं. दोन वर्षांत तिनं लाखो ब्रास माती मोजली होती आणि एक ब्रास पडताना पाहिली नव्हती. डंपर रांगेनं उभे होते. पहिला मागे सरकत आला, तिसऱ्या ताटाच्या कडेला थांबला, आणि पांढऱ्या मिठाच्या खपल्यांवर लाल मुरुमाचा ढीग धाडकन उतरला. इतका लाल. पडद्यावर मातीला रंग नव्हता. धूळ तिच्या ओठांवर बसली आणि तिनं ती पुसली नाही. बांधापलीकडे नवा पाइप सिमेंटच्या तोंडानं उघडा पडला होता, त्यातून ओहोटीचं थोडं पाणी चमकत बाहेर चाललं होतं. दुसरा ढीग. तिसरा. डंपरचा ड्रायव्हर खिडकीतून वाकला. ऑफिसची बाई म्हणून तिला ओळखत असावा.

"मॅडम, अजून किती टाकायची हो?"

"अडुसष्ट हजार ब्रास."

"बाप रे. एवढी लागंल?"

"एवढीच लागेल," ती म्हणाली. तिला खात्री होती. मग तिनं हात करून त्याला थांबवलं, कारण तो गाडी वळवायला बांधाकडे घेत होता. "तिकडे नको घालूस. पाइपावरून जाऊ नकोस."

"का? काय आहे तिकडे?"

"तिकडनं आमचं पाणी जातं."